काळवंडलेल्या सायलेन्सर टिप पुन्हा चमकवायच्या तर

प्रश्न थोडक्यात असा: वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. सायलेन्सरच्या दोन्ही टिप, म्हणजे धूर बाहेर पडतो ती टोकाची चकचकीत तोंडं, आतून-बाहेरून काळ्या. टूथपेस्ट लावून पाहिली, मग भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासलं. काळेपणा थोडा गेला, पण चमक आली नाही. उलट बारीक ओरखडे दिसायला लागले आणि आठवड्याभरात टिप पुन्हा काळ्या. आता टिप बदलायच्या का? आणि इंजिनात काही बिघाड आहे का?

बदलायची घाई करू नका. तारेच्या घासणीचे ओरखडे बहुतेक वेळा निघतात आणि काळेपणा तर नक्कीच निघतो. तुमचं काम अडलं ते क्रमात. थर सैल व्हायच्या आधीच तुम्ही घासायला लागलात. मी वर्षानुवर्षं गाड्यांच्या स्वच्छतेचं काम करतो, आणि खराब झालेल्या टिप पाहिल्या की त्यातल्या बऱ्याचशा मळाने नाही तर घासण्याने खराब झालेल्या असतात. म्हणून सगळं नीट, सुरुवातीपासून सांगतो.

टिपवरचा काळा थर म्हणजे मुख्यतः कार्बन. कार्बन पाण्यात विरघळत नाही, साबणात नाही, लिंबात किंवा व्हिनेगरमध्येही नाही. पण तो धातूला स्वतःच्या बळावर चिकटलेला नसतो. त्याला धरून ठेवतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा आणि तेलाचा चिकट, डांबरासारखा अंश. त्यात भर पडते पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड गाडी सुरू करून दोन किलोमीटरवर बंद केली, तर तेच पाणी पाइपमध्ये साचतं, काजळीचा चिखल करतं आणि टिपच्या आतल्या खालच्या बाजूला बसून राहतं. पुढच्या लांब फेरीत तो चिखल भाजून घट्ट होतो. असे थरावर थर चढत जातात.

म्हणजे रसायनाचं काम कार्बन विरघळवणं हे नाही. त्याचं काम तो चिकटा सैल करणं. चिकटा सुटला की कार्बन साध्या ब्रशने निघतो. करपलेलं पातेलं आपण आधी भिजत घालतो, मग घासतो, इथेही तेच. जितकं भिजवाल तितकं कमी घासावं लागेल आणि जितकं कमी घासाल तितकी चमक वाचेल.

पण बाटली हातात घ्यायच्या आधी टिप कशाची आहे ते ठरवा, कारण एका धातूला चालणारा उपाय दुसऱ्याचं कायमचं नुकसान करतो. एक छोटं चुंबक घ्या आणि ते टिपला लावा. चिकटलं नाही, तर बहुधा ती ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची आहे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि हा सर्वांत सोशिक धातू. (टायटॅनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण टायटॅनियमची टिप असेल तर ते गाडीच्या मालकाला सहसा माहीत असतं.) चुंबक घट्ट चिकटलं, तर दोन शक्यता. एक, ४०९ किंवा ४३० जातीचं स्टेनलेस, ज्यात निकेल जवळजवळ नसतं. दुसरी, साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा. या दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळतो. क्रोमची झळाळी किंचित निळसर आणि आरशासारखी असते. स्टेनलेसची थोडी उबदार, पिवळसर छटेची. कडेला वाकून टिपच्या आत पाहा, क्रोमच्या टिपची आतली बाजू बऱ्याचदा बाहेरच्याइतकी चकचकीत नसते. कुठे पापुद्रा सुटलेला किंवा फोड आलेला दिसला तर शंकाच नको, तो मुलामाच.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो. खाली निकेलचा जाड थर असतो आणि खरं संरक्षण तोच देतो. स्टेनलेसला तुम्ही पॉलिश पेपर लावू शकता, कारण आतपर्यंत तोच धातू आहे. क्रोमला पेपर लावला की थोड्याच वेळात खालचं पिवळट निकेल डोकावतं आणि ते परत झाकता येत नाही.

आणखी तीन प्रकार लक्षात ठेवा. काळ्या रंगाच्या किंवा लेप दिलेल्या टिप असतील तर त्यांना फक्त सौम्य कार शाम्पू आणि मऊ ब्रश. पॉलिश नाही, स्टील वूल (लोखंडाच्या बारीक धाग्यांचा बोळा) नाही. कार्बन फायबरच्या टिपवर लाखेचा पारदर्शक थर असतो, तिथेही तेच. आणि तिसरा प्रकार हल्ली बराच दिसतो: बंपरमध्ये बसवलेली चकचकीत चौकट, जी प्रत्यक्षात क्रोम चढवलेलं प्लास्टिक असते, आणि खरा पाइप तिच्या मागे खाली वळलेला असतो. नखाने टिचकी मारली की आवाजावरून लगेच कळतं. तिला कुठलंही खरखरीत साधन लावू नका.

आता काम. गाडी थांबवून किमान दोन तास झालेले असू द्या. नायट्रिलचे हातमोजे घाला, चष्मा लावा. काजळी कोरडी घासू नका. ती उडते, श्वासात जाते आणि तिच्यातले जळकट तेलकट घटक शरीराला वाईट. ओली केली की हा प्रश्नच उरत नाही. पाइपच्या आत एक जुना फडका चांगला खोल कोंबा म्हणजे मळाचं पाणी मागे जाणार नाही. त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर तो आत विसरला जातो. टिपच्या आत धुराची वाट उघडणारी-बंद करणारी झडप दिसत असेल तर फडकाही जपून आणि ब्रशही जपून. ती झडप हाताने ढकलायची नाही. वरच्या बंपरला मास्किंग टेप लावून घ्या. आणि हे काम गाडी धुण्याच्या सुरुवातीला, चाकांबरोबरच करा. धुऊन झालेल्या गाडीवर हे काळं पाणी उडालं तर सगळं परत.

आधी नुसतं पाणी आणि शाम्पू. सैल माती, वाळू गेली पाहिजे, कारण वाळूचा कणच पुढे ओरखडा काढतो. मग डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) किंवा ऑल-पर्पज क्लीनर, बाटलीवर जास्त मळासाठी लिहिलेल्या प्रमाणात. फवारून सोडून देऊ नका, ते ओघळून जमिनीवर जातं. एक फडका त्यात भिजवा, टिपभोवती आणि टिपच्या ओठावरून आत असा गुंडाळा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. वाळायला लागला तर वरून पुन्हा फवारा. मग मऊ ब्रशने फिरवा. पहिल्या वेळी चॉकलेटी-काळं पाणी भरपूर निघेल. धुवा, पुन्हा फडका गुंडाळा, पुन्हा दहा मिनिटं. जुना थर असेल तर तिसऱ्यांदाही. बहुतेकांचा धीर पहिल्या फेरीनंतर सुटतो आणि हात तारेच्या घासणीकडे जातो. तिथे थांबा. डिग्रीझरला दाद न देणाऱ्या डांबरी ठिपक्यांवर टार रिमूव्हर किंवा डब्ल्यूडी-४० सारखं तेलकट द्रावण लावून पाच-दहा मिनिटं ठेवा. ते चिकट्यात शिरतं. नंतर ते पूर्ण धुऊन काढायचं, कारण तेलाचा अंश राहिला तर गरम झाल्यावर धूर होईल आणि नवीन काजळी त्यावर आणखी पटकन बसेल. पेट्रोल वापरू नका, आग लागण्याचा धोका उगाच कशाला.

दोन जागा नेहमी सुटतात. टिपचा ओठ जिथे आत दुमडलेला असतो त्या घडीत, आणि आत जिथे टिप पाइपला वेल्ड केलेली असते त्या शिवणीवर. जुना टूथब्रश तिथे उपयोगी. आत किती खोल साफ करायचं? उभं राहून जेवढं दिसतं तेवढं, म्हणजे साधारण आठ-दहा सेंटिमीटर. त्यापुढचं काळं राहू द्या, ते काळंच असतं.

एवढं करून उरलेल्या कार्बनसाठी बारीक स्टील वूल, ०००० दर्जाचं, तेही क्लीनरने ओलं करून, हलक्या हाताने. स्टेनलेसवर चालतं, चांगल्या स्थितीतल्या क्रोमवरही काळजीपूर्वक चालतं. पण एक गोष्ट फार कमी जण सांगतात. स्टील वूल साध्या लोखंडाचं असतं. त्याचे तुटलेले अतिसूक्ष्म धागे स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुततात आणि थोड्याच दिवसांत तिथे तांबूस ठिपके उमटतात. मग माणूस म्हणतो, स्टेनलेस कसलं, याला तर गंज चढला. गंजतं ते घासणीचं लोखंड. म्हणून मिळालं तर ब्राँझ वूल वापरा, किंवा स्टील वूलनंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. तुमच्या टिपवर असे ठिपके दिसत असतील तर चाकांसाठी मिळणारा आयर्न रिमूव्हर मारा. लोखंड असेल तिथे तो जांभळा होऊन वाहायला लागतो. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत करा. दुसरा स्वस्त आणि उत्तम उपाय सायट्रिक ॲसिड: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, त्यात भिजवलेला फडका २० मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग भरपूर पाणी. याने रुतलेलं लोखंड तर निघतंच, शिवाय स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा तो अदृश्य थर, ज्याच्यामुळे ते गंजत नाही, तो नीट धरायला मदत होते. कारखान्यांतही स्टेनलेसला हेच करतात.

आता तुमचे ओरखडे. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर नुसत्या मेटल पॉलिशने काम होईल. अडकत असेल आणि चुंबकाच्या परीक्षेत, डोळ्यांच्या परीक्षेत टिप स्टेनलेसची ठरली असेल, तर पेपर लावा. ८०० नंबरपासून सुरू करा, मग १२००, मग २००० (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), तिन्ही साबणाच्या पाण्यात ओले. पहिला पेपर टिपच्या घेराभोवती फिरवा, दुसरा लांबीच्या दिशेने, तिसरा पुन्हा घेराभोवती. दिशा बदलण्याचं कारण सोपं आहे: दुसऱ्या पेपरने लांबीच्या रेषा पाडताना आधीच्या आडव्या रेषा कुठे उरल्यात ते लगेच दिसतं. त्या पूर्ण जाईपर्यंत पुढच्या पेपरवर जायचं नाही. इथे घाई केली की शेवटी आरशासारख्या चमकेखाली ८०० च्या रेषा उन्हात दिसत राहतात आणि मग सगळं मागे जाऊन करावं लागतं. टिप जर मुळातच ब्रश फिनिशची, म्हणजे बारीक समांतर रेषांची असेल, तर तिला आरसा करायच्या भानगडीत पडू नका. मूळ रेषांच्याच दिशेने बारीक पॅड फिरवा, एवढं पुरे.

मेटल पॉलिशचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे केलेलं डोळ्यांसमोर दिसतं. मायक्रोफायबरच्या एका कोपऱ्यावर अगदी थोडी पेस्ट घ्या, बोटभर जागा निवडा आणि जोर लावून छोट्या गोलात फिरवा. काही सेकंदांत फडका काळा होईल. हा मळ नाही. टिप चकचकीत स्वच्छ असली तरी फडका काळाच होणार, कारण पेस्टमधले घर्षक कण धातूचा आणि त्यावरच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर काढत असतात आणि ती पूड काळी दिसते. ‘अजून काळं निघतंय’ म्हणून तासभर घासत बसण्यात अर्थ नाही. थर काळा झाला, थोडा पातळ झाला, की वाळायच्या आत स्वच्छ फडक्याने पुसा आणि पाहा. हवी तशी चमक आली असेल तर पुढची बोटभर जागा. नाही आली तर त्याच जागी दुसऱ्यांदा. क्रोमवर हेच काम निम्म्या जोराने आणि कमी वेळ. पिवळसर झाक दिसली की तिथल्या तिथे थांबायचं. ड्रिलला फेल्टचा किंवा स्पंजचा शंकू लावून करता येतं, वेळ वाचतो, पण वेग कमी ठेवा आणि ओठाच्या कडेवर जास्त रेंगाळू नका.

टिपवर पिवळट, जांभळट किंवा निळे पट्टे दिसत असतील तर ती काजळी नव्हे, उष्णतेचा रंग. स्टेनलेस तापलं की वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि जाडीप्रमाणे प्रकाशाचा रंग बदलतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळा, ५४० च्या आसपास निळा. पॉलिशने हा रंग निघतो, पण गाडी तशीच तापणार असेल तर परत येतो. टायटॅनियमच्या टिपवर तर हा निळा-जांभळा रंग मुद्दाम आणलेला असतो, तो पुसून टाकू नका.

क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलकं घासा. गंज निघतो आणि क्रोम सहसा शाबूत राहतं, कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ. गंजाने खड्डा पडलेला असेल तर खड्डा मात्र राहणार.

घरगुती उपायांबद्दल. टूथपेस्टमध्ये घर्षक कण असतात, पण दातांसाठीचे. चिकट कार्बनपुढे ते पुरे पडत नाहीत. कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं, पण फार सौम्य, हलका गंज सुटतो एवढंच. खायच्या सोड्याची पेस्ट निरुपद्रवी, हलक्या काजळीवर ठीक. टॉयलेट क्लीनर मात्र अजिबात नको. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते क्रोमचा मुलामा खरोखर विरघळवतं आणि स्टेनलेसमध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. पहिल्या मिनिटाला टिप लखलखीत दिसते, म्हणूनच लोक फसतात. ब्लीचही नको, त्यातला क्लोरीन स्टेनलेसचा शत्रू. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. ओव्हन क्लीनर काजळी पटकन काढतो हे खरं, पण त्यातला कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, बंपरच्या रंगावर ओघळला तर रंग खातो आणि त्वचा भाजतो. मी तो गाडीजवळ येऊ देत नाही.

पॉलिश झाल्यावर संरक्षणाचा थर द्यायचा असेल तर साधं वॅक्स वाया जाईल. कार्नोबा वॅक्स ८५ अंशांच्या आसपासच वितळतं. चाकांसाठीचं सिरॅमिक कोटिंग किंवा जास्त तापमानाचा सीलंट घ्या. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण पुसा, नाहीतर कोटिंग धरणार नाही. कोटिंग लावल्यावर बाटलीवर दिलेला सुकण्याचा वेळ गाडी सुरू करू नका. याने काजळी बसणं थांबत नाही, पण ती धातूला न धरता वरवर बसते आणि शाम्पूने जाते.

आता इंजिनाचा प्रश्न. टिपच्या आत बोट फिरवून पाहा. कोरडी, पावडरसारखी काळी काजळी असेल आणि गाडी पेट्रोलची असेल, तर काळजी नसावी. विशेषतः डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, सगळं नीट मिसळायला वेळ कमी मिळतो आणि काजळी जास्त होते. अशी गाडी छोट्या फेऱ्यांसाठी वापरली तर टिप आठवड्यात काळी होणं अगदी स्वाभाविक. थंड इंजिनाला इंधन जास्त मिळतं, हेही त्यात आलं. दोन टिपपैकी एकच जास्त काळी होत असेल तरी लगेच बिघाड समजू नका. काही गाड्यांत एका बाजूला झडप असते आणि बराचसा धूर दुसरीकडूनच जातो.

बोटाला तेलकट, चिकट काळं लागलं तर मात्र इंजिन ऑइल जळतंय का ते पाहा: दर काही दिवसांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) तपासा, पातळी उतरत असेल तर मेकॅनिककडे. व्हॉल्व्हचे सील, पिस्टन रिंग किंवा टर्बोचं सील, यांपैकी काहीतरी निघतं. काजळी भरमसाट, इंधनाचा वास आणि मायलेज घटलेलं असेल तर मिश्रण ‘रिच’ जातंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर या क्रमाने बघायला सांगा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर टिपचं नंतर पाहू, गाडी आधी दाखवा. आणि हे वाचणाऱ्या डिझेलवाल्यांसाठी: पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीची टिप आतून जवळपास स्वच्छ राहायला हवी. ती काळीकुट्ट होत असेल तर फिल्टरला तडा गेलाय किंवा आधी कोणीतरी तो काढून टाकलाय. वापरलेली गाडी घेताना ही टिप मी आवर्जून बघतो.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: आज चुंबक आणि बोट, दोन्ही परीक्षा. सुट्टीच्या दिवशी डिग्रीझरच्या दोन-तीन फेऱ्या, सायट्रिक ॲसिडचा फडका, मग गरज आणि धातू पाहून पेपर व पॉलिश. त्यानंतर दर वेळी गाडी धुताना एक ओला, साबण लावलेला फडका टिपच्या आतून-बाहेरून फिरवा. तो फडका वेगळा ठेवा, बॉडीला कधीच लावू नका. टिप बदलायची वेळ तेव्हाच, जेव्हा क्रोमचे पापुद्रे सुटून खालचं लोखंड गंजायला लागतं, किंवा वेल्डच्या शिवणीवर गंजाने आरपार भोक पडतं. तेव्हाही बऱ्याच गाड्यांत फक्त टिप क्लॅम्पने बदलता येते. पूर्ण सायलेन्सर बदला असं कोणी म्हणालं, तर वेगळी टिप बसते का ते आधी विचारा.